कोळशाचा इन्सर्ट धड पेटत नसेल तर आधी धुराडं बघा

थंडीच्या देशात जुनं घर घेतलं की फायरप्लेसमध्ये बसवलेला कोळशाचा स्टोव्ह, म्हणजे इन्सर्ट, कधीकधी घराबरोबरच गळ्यात पडतो. पहिल्याच हिवाळ्यात तो कुरकुरतो आणि आपली मंडळी कोळशाला नावं ठेवतात. पण हवा ओढायचं काम स्टोव्हचं नाही, धुराड्याचं आहे.

त्याआधी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांजवळ. अँथ्रासाइट म्हणजे कडक दगडी कोळशाला धूर जवळपास नसतोच, त्यामुळे धुराड्याची ओढ उलटून वायू घरात आला तरी डोळ्यांना काही दिसत नाही. या वायूला वासही नाही. अलार्म वाजला तर कारण शोधत बसू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरूनच मदत बोलवा.

आता फुकटातली परीक्षा. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट आणि कपड्यांचा ड्रायर बंद करा, स्टोव्हजवळची खिडकी बोटभर उघडा. निखारे लगेच तरतरीत झाले तर धुराडं ठीक आहे, घरच हवाबंद आहे. बाहेरून हवा यायची कायमची सोय करून घ्या.

तेवढ्याने फरक पडला नाही, तर दुखणं बहुधा लायनरमध्ये, म्हणजे धुराड्याच्या आत घालायच्या नळीत असतं. फायरप्लेसचं धुराडं उघड्या लाकडाच्या आगीसाठी बांधलेलं, म्हणजे ऐसपैस. इन्सर्टचा सहा इंची पाइप त्यात जेमतेम थोडा वर नेऊन सोडून दिलेला असतो. गरम वायू त्या पोकळीत पसरतो, थंड होतो आणि ओढ मरते. बाहेरच्या भिंतीतलं धुराडं असेल तर विचारूच नका. उपाय खर्चिक आहे, पण माझ्या मते खरा तोच: स्टोव्हच्या तोंडाच्या मापाचा लायनर थेट शेंड्यापर्यंत, भोवती इन्सुलेशन, आणि खाली डॅम्परपाशी, म्हणजे फायरप्लेसच्या झडपेपाशी, पत्रा लावून पोकळी बंद. लायनर कोळशासाठी चालणारा आहे हे विचारून घ्या. कोळशातलं गंधक ओल लागली की आम्ल होतं आणि हलकं स्टील खातं.

काम अंदाजाने करू देऊ नका. मॅनोमीटर, म्हणजे ओढ मोजायचं यंत्र, लावून बघायला सांगा. अँथ्रासाइटच्या स्टोव्हना साधारण ०.०४ ते ०.०६ इंच पाण्याइतकी ओढ लागते. नेमका आकडा स्टोव्हच्या पुस्तिकेत असतो. धुराड्याला बॅरोमेट्रिक डॅम्पर (ओढ जास्त झाली की आपोआप उघडून खोलीतली हवा आत घेणारी झडप) असेल आणि ओढ आधीच कमी असेल, तर त्याची झडप सतत उघडी राहत नाही ना, तेही तपासा.

बाहेर १० अंशांच्या वर ऊब आली की चांगलं धुराडंही मंदावतं. त्या दिवसांत आग दाबून ठेवण्यापेक्षा विझवलेली बरी.

कोळसा घालताना सगळे निखारे झाकू नका, एका कोपऱ्यात लाल भाग उघडा ठेवा. वर निळ्या ज्योती नाचायला लागल्या की कोळशातून निघणारा वायू जळतोय असं समजा. सगळं झाकलं तर तो साठतो आणि एकदम भडकून दार उडवतो.

राख इन्सर्टच्या मागच्या वळणात साचते, समोरून ती दिसतही नाही. सीझन संपल्या संपल्या पाइप साफ करून घ्या. पावसाळी हवेत तीच ओली राख लायनरला भोकं पाडते.