खान्देशात घर घ्यायचं ठरवताय? आधी एक उन्हाळा भाड्याने काढा

अमळनेर, चोपडा, पारोळा, शहादा असल्या तालुक्याच्या गावी नोकरीनिमित्त आलात आणि दर महिन्याचं भाडं आता खुपायला लागलंय, तर हे वाचा. मीही कोल्हापूरकडून बदलीवर आलो आणि इथलाच झालो. बयाणा द्यायच्या आधी एक मे महिना इथे काढा. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो. जानेवारीत हवेशीर वाटलेला वरच्या मजल्याचा फ्लॅट मे महिन्यात कूलर लावूनही झोपू देत नाही. पश्चिमेची भिंत उघडी आहे का, स्लॅबवर दुसरा मजला आहे का, हे खोल्यांच्या मापाआधी बघा. त्याच महिन्यात पाण्याचंही कळतं. नळाला किती दिवसांआड पाणी येतं हे घरमालकाला नाही, शेजारच्या ताईंना विचारा. आठवडाभराचं पाणी मावेल असा हौद असेल, तर दोन पैसे जास्त मोजायला हरकत नाही.

'विकणे आहे'च्या पाट्या इथे फारशा दिसणार नाहीत. घरं कळतात ती शाळेतल्या सहकाऱ्याकडून, पतसंस्थेतल्या कुणाकडून, नाहीतर चहाच्या टपरीवर. वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच चांगली घरं बाहेर पडतात, त्यामुळे 'चालू भाव' असा काही नसतोच. मागच्या गल्लीत अमुक आप्पांचं घर कितीला गेलं, तोच भाव. तोही ऐकीव, आणि सांगणाऱ्यागणिक वाढलेला. तुम्हाला पहिला प्रश्न 'कोनता गावना?' हा येईल, पाठोपाठ आडनाव. काही गल्ल्यांत घर बाहेरच्याला द्यायचं नाही असं न बोलता ठरलेलं असतं. तिथे भाव वाढवून काही होत नाही. सरळ बाहेरच्या कॉलन्यांकडे वळा, तिथे निम्मी वस्ती नोकरदारांची असते.

भावाचा खरा संबंध पिकाशी. कापसाचा पैसा दिवाळीनंतर हातात येतो, रावेर-यावलकडे केळीला दर लागला की प्लॉटची विचारणा वाढते, आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर तर सगळ्यांनाच खरेदी करायची असते. तेव्हा पगारदार माणसाने बोलणी श्रावण-भाद्रपदात करावीत. शेतकऱ्याचा पैसा त्या वेळी शेतात असतो, गिऱ्हाईक कमी असतं, आणि कर्जमंजुरीचं पत्र खिशात असलेल्याला मान मिळतो.

गावठाणातल्या जुन्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घराचा मोह होईल. जाड मातीच्या भिंती, पुढे ओटा, आत भर दुपारीही गारवा. पण धाब्यावर पावसाळ्याआधी माती टाकावी लागते आणि ते काम जाणणारे गडी कमी होत चाललेत. त्याहून अवघड म्हणजे सह्या. एक भाऊ सुरतेला, एक पुण्याला, आणि बहिणींचाही हिस्सा. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, म्हणून 'बहिणी काही म्हणणार नाहीत' या आश्वासनावर एक रुपयाही देऊ नका. हे सगळे एका छपराखाली हमखास सापडतात ते कानबाईला, म्हणजे नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात बसणाऱ्या देवीच्या उत्सवाला. विषय तेव्हाच काढा, पण बेताने, कारण कानबाई बसते ते घर विकायला म्हातारी माणसं सहसा तयार नसतात.

कागदांचं थोडक्यात. नुसत्या घरपट्टीच्या उताऱ्यावर बँक कर्जाला नाक मुरडते, प्रॉपर्टी कार्ड मागा. कॉलनीतला प्लॉट असेल तर बिनशेती आदेश आणि मंजूर लेआऊट बघा. रस्ते आणि ओपन स्पेस नगरपरिषदेने ताब्यात घेतले नसतील, तर गटारीसाठी वर्षानुवर्षं अर्ज करत बसाल. तुम्ही शेतकरी नसाल तर शेतजमीन तुमच्या नावावर होणार नाही, दलाल काहीही सांगो. नंदुरबार जिल्ह्यात, तसंच साक्री, शिरपूर, चोपडा, यावल या बाजूला एक गोष्ट जास्तीची: सातबाऱ्यावर मूळ खातेदार आदिवासी आहे का. अशी जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाही आणि झालेला व्यवहारही उलटू शकतो. 'थोडे रोखीत द्या' असं बहुतेक जण म्हणतील. घरा-जमिनीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे, शिवाय तेवढी किंमत कागदावर कमी दिसली की कर्जही कमी मिळतं. घर पत्नीच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये.

तापीकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेला नसेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. नवा रंग दिलेल्या घरात ती झाकलेली असते, म्हणून कंपाउंडची भिंत बघा. तिला सहसा कोणी रंग देत नाही.

आणखी एक, अफवांचे प्लॉट. मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाला केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, तेव्हापासून धुळ्याच्या बाजूचा कुठलाही माळ 'स्टेशनजवळ' झालाय. रूळ पडेल तेव्हा पडेल, तुम्हाला उद्या सकाळी पोरांना शाळेत सोडायचंय.

विकायची वेळ आली तर एवढं धरून चाला की इथे ऐपत असलेला माणूस प्लॉट घेऊन आपल्या मनासारखं बांधतो. म्हणून भाव मिळतो तो जागेचा, बांधकामाचा निम्मासुद्धा वसूल होईल याची खात्री नाही. इटालियन फरशी, फॉल्स सीलिंग हे स्वतःच्या हौसेसाठी करा, विक्रीच्या हिशेबात धरू नका. फ्लॅट तर आणखी रेंगाळतो. त्याला गिऱ्हाईक तुमच्यासारखाच बदलीवाला, आणि बदल्या बहुधा मे-जूनमध्ये होतात. तेव्हा वारसांच्या नोंदी, घरपट्टीच्या पावत्या आणि बँकेचं नाहरकत पत्र मार्चअखेर तयार ठेवा. दलाली दोन्ही बाजूंनी एक ते दोन टक्के जाते, ती सौद्याआधीच तोंडावर ठरवून घ्या.