बी.ए. समाजशास्त्र झालंय आणि विशेष शिक्षक व्हायचंय, तर आधी हे करा

दर जूनमध्ये मला ओळखीतल्या कुणाच्या तरी मुलीचा फोन येतो. "ताई, बी.ए. झालं, आता स्पेशल बी.एड. करू का?" मी आधी विचारते, "एखाद्या विशेष शाळेत जाऊन बसलीस का?" बहुतेक वेळा उत्तर नाही असंच येतं. मी स्वतः समाजशास्त्र घेऊन बी.ए. केलं आणि गेली चौदा वर्षं सातारा जिल्ह्यात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना शिकवते आहे. फोनवर जे तुकड्यातुकड्यांनी सांगते ते इथे सगळं लिहून ठेवते.

फॉर्म भरायच्या आधी आठ दिवस शाळेत जा. मुख्याध्यापकांना साधा अर्ज दिलात तर बहुतेक जण परवानगी देतात. मुलं सकाळी रिक्षातून उतरतात तिथपासून शाळा सुटेपर्यंत थांबा. शिकवायला जाऊ नका, बघायला जा. एकच मूल निवडा आणि ते काय करतं ते वहीत लिहा. "तो चिडला" असं लिहायचं नाही. "घंटा वाजली, त्याने दोन्ही कान झाकले, बाकाखाली गेला, चार मिनिटांनी आपणच बाहेर आला" असं लिहायचं. पुढे अभ्यासक्रमात, नोकरीत, पालकांशी बोलताना तुम्हाला याच लिहिण्याचा आधार असतो. या आठ दिवसांत लाळ पुसावी लागेल, एखाद्याचे कपडे बदलायला ताईंना हातभार लावावा लागेल. नवव्या दिवशीही जावंसं वाटलं तर पुढचं वाचा.

बी.ए.चं अजून एखादं वर्ष हातात असेल तर दोन गोष्टी सांभाळा. पदवीला किमान ५० टक्के हवेत; राखीव प्रवर्गाला सवलत आहे. आणि मानसशास्त्र किंवा समाजशास्त्र मुख्य विषय असला तरी इतिहास, भूगोल, मराठी यांपैकी शाळेत शिकवला जाणारा एखादा विषय सोबत ठेवा. बी.एड.ला अध्यापन पद्धतीसाठी शालेय विषय निवडावा लागतो, तेव्हा सामाजिक शास्त्रं किंवा भाषा घेणं सोपं जातं.

बरेच जण म्हणतात, समाजशास्त्राची तीन वर्षं इथे वाया जातात. मला हे मुळीच पटत नाही, आणि का ते सांगते.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या वर्गात अकरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याला हात धुवायला शिकवायचं ठरलं. मी कृतीचे आठ भाग पाडले: नळ सोडणं, हात ओले करणं, साबण घेणं, असं करत शेवटी हात पुसण्यापर्यंत. रोज दोनदा सराव, वहीत रोजची नोंद. दोन महिन्यांनी तो शाळेच्या बेसिनपाशी एकटा हात धुवायला लागला. मी आनंदाने त्याच्या आईला सांगितलं. ती म्हणाली, "घरी तर अजून माझ्याकडूनच धुवून घेतो." मग मी घरी गेले. परसात एक हंडा, त्यावर ताट, ताटावर तांब्या. तो हंड्यापाशी उभा राहिला आणि त्याने हात पुढे केला, हवेत, शाळेच्या नळाच्या उंचीवर. काहीतरी फिरवायला शोधत होता. त्या घरात नळच नव्हता.

चूक पूर्ण माझी होती. घर, पाणी, कमाई, घरात कोण कुठल्या वेळी असतं, हे बघायला मला समाजशास्त्राने शिकवलं होतं आणि मी ते परीक्षेसोबत सोडून दिलं होतं. आम्ही तांब्यापासून पुन्हा सुरुवात केली. एका हाताने तांब्या धरून दुसऱ्यावर पाणी घेणं, मग तांब्या खाली ठेवून साबण. पायऱ्या वेगळ्या, आणि अवघडही. तेव्हापासून घर पाहिल्याशिवाय मी कुठल्याही मुलाचं उद्दिष्ट ठरवत नाही.

आता प्रवेशाचं. या क्षेत्राची नियामक संस्था म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद, सगळे तिला आरसीआय म्हणतात. तिचा कायदा १९९२ चा. बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एड. स्पेशल आहे, पदवीनंतर दोन वर्षांचं बी.एड. स्पेशल. महाराष्ट्रात बी.एड.च्या सीईटीतच साधं आणि स्पेशल दोन्ही येतात, त्यामुळे सीईटी सेलच्या तारखांवर लक्ष ठेवा. २०२४ च्या सुरुवातीपासून आरसीआयचा कल चार वर्षांच्या एकत्रित अभ्यासक्रमाकडे, म्हणजे पदवी आणि बी.एड. एकत्र, असा वळला आहे. म्हणून पैसे भरण्याआधी आरसीआयच्या संकेतस्थळावरची मान्यताप्राप्त संस्थांची यादी उघडा. कॉलेजचं नाव, तुम्हाला हवी ती अक्षमता आणि तुमचं प्रवेशाचं वर्ष, या तिन्ही गोष्टी एकाच ओळीत दिसल्या पाहिजेत. माझ्या एका मैत्रिणीने "मान्यता येतच आहे" या शब्दावर फी भरली. दोन वर्षांनी हातात कागद आला, आरसीआयकडे शिक्षक म्हणून नोंदणी मात्र झाली नाही. तिची ती दोन वर्षं कुणीही परत दिली नाहीत.

बी.एड. स्पेशल हे एका विशिष्ट अक्षमतेत असतं: बौद्धिक, श्रवण, दृष्टी, अध्ययन अक्षमता, स्वमग्नता वगैरे. गावाजवळ कुठलं कॉलेज आहे एवढ्यावर ते ठरवू नका. श्रवणदोष घेतलात तर भारतीय सांकेतिक भाषा मनापासून शिकावी लागेल. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच क्षेत्रातली आहे, एकदा जाऊन बघा. दृष्टिदोष घेतलात तर ब्रेल. पाटी आणि टोच्याने लिहिताना उजवीकडून डावीकडे टोचत जायचं आणि कागद उलटून डावीकडून वाचायचं. पहिला महिना डोकं भणभणतं. बौद्धिक अक्षमतेत अशी वेगळी लिपी नसते, पण एका बटणासाठी तीन महिने थांबायची तयारी लागते.

बटणाचं उदाहरण मुद्दाम दिलं. अशी कृती आम्ही बऱ्याचदा शेवटून शिकवतो. बटण काजातून अर्धं बाहेर मी काढते, मुलाने फक्त ओढायचं. ते जमलं की मी थोडं आधी थांबते. रोज शेवट त्याच्या हातून होतो, त्यामुळे तो पुन्हा शर्ट घेऊन येतो. सराव पाठांच्या काळात ही एक पद्धत तरी पक्की करून घ्या. वैयक्तिक शिक्षण आराखडा, म्हणजे एकेका मुलाला काय आणि कसं शिकवायचं याचा लेखी बेत, मैत्रिणीच्या फाइलवरून उतरवून काढू नका. पर्यवेक्षक सही करतीलही, पण पहिल्या नोकरीत कोरा कागद समोर आला की काही सुचत नाही.

निकाल लागला की लगेच आरसीआयकडे नोंदणी करा. सीआरआर नंबर, म्हणजे आरसीआयच्या केंद्रीय नोंदवहीतला तुमचा क्रमांक, मिळाल्याशिवाय काम करणं कायद्यात बसत नाही, आणि पुढे नूतनीकरणही करावं लागतं. नोकऱ्या अनुदानित विशेष शाळांत, खासगी शाळांत आणि समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या समावेशित शिक्षणात, म्हणजे साध्या शाळेत शिकणाऱ्या दिव्यांग मुलांसाठी, असतात. कंत्राटी पदं बरीच, पगार उशिरा होण्याची तयारी ठेवा. हे मी गोड करून सांगणार नाही. मुलाखतीत मात्र एका वर्गात किती मुलं ते जरूर विचारा. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमतेसाठी पाच मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण सांगितलं आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदाही वाचून जा. त्यात २१ प्रकार आहेत, आणि ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पालक तुम्हाला पहिल्याच महिन्यात याबद्दल विचारतील.

रुजू झाल्यावर जुन्या फाइली मागून घ्या आणि पहिल्या महिन्यातच प्रत्येक घरी जाऊन या. आईला आधी कळवा, जेवणाच्या वेळी जाऊ नका. मी पिशवीत वही आणि शिवणकामाची टेप ठेवते. पाणी कशात भरलंय, संडासाची पायरी किती उंच आहे, दाराची कडी मुलाच्या हाताला पोहोचते का, हे मोजून लिहिल्यावरच वर्षाचा आराखडा करायला बसते.