अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक न्याय्य आहे का, यावर वाद घालायचाच असेल तर असा घाला

दर चार वर्षांनी नोव्हेंबर आला की हा विषय निघतो, आणि दहा मिनिटांत गाडी ट्रम्प चांगला की वाईट यावर घसरते. मग आवाज चढतात, कुणीतरी उठून जातं आणि मूळ प्रश्न तसाच पडून राहतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण प्रश्न खरंच मोठा आहे. जास्त मतं मिळवणारा माणूस हरू शकतो हे बरोबर आहे का, आणि चूक असेल तर नेमकं काय चूक आहे. खाली जे लिहितेय ते दोन्ही बाजूंच्या लोकांना उपयोगी पडेल असं बघितलंय, पण माझं स्वतःचं मत मी लपवणार नाहीये.

पहिलं काम म्हणजे पद्धत तोंडपाठ करा, कारण निम्मी भांडणं इथेच चुकीच्या माहितीवर होतात. लोक अध्यक्षाला थेट मत देत नाहीत, आपापल्या राज्यातले इलेक्टर निवडतात. एकूण इलेक्टर ५३८, जिंकायला २७० लागतात. राज्याला हाउसमध्ये (काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद, हाउस तिचं खालचं सभागृह) जितक्या जागा तितके इलेक्टर, अधिक वरच्या सभागृहातल्या म्हणजे सिनेटच्या दोन जागांचे दोन, त्यामुळे वायोमिंगसारख्या अगदी छोट्या राज्यालाही किमान ३ मिळतातच आणि कॅलिफोर्नियाला ५४. राजधानी वॉशिंग्टन डीसी हे राज्य नाही, पण १९६१ च्या २३ व्या घटनादुरुस्तीने तिलाही ३ मिळाले. पोर्तो रिकोतले लोक अमेरिकेचे नागरिक असूनही तिथे राहून अध्यक्षासाठी मत देऊ शकत नाहीत, हा मुद्दा बहुतेक वादांत कुणी काढतच नाही, तुम्ही काढा. आणि ४८ राज्यांत, शिवाय डीसीत, ज्याला एक मत जास्त त्याला सगळे इलेक्टर. फक्त मेन आणि नेब्रास्का वेगळे, तिथे दोन इलेक्टर अख्ख्या राज्याच्या निकालावर आणि बाकीचे एकेका मतदारसंघाप्रमाणे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "इलेक्टोरल कॉलेज (ही इलेक्टरांची पद्धत) अन्यायकारक आहे" असं सरसकट वाक्य टाकू नका. त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी अडकलेल्या आहेत: छोट्या राज्यांना मिळणारे ते जादाचे दोन इलेक्टर, विजेत्याला सगळे देण्याचा नियम, आणि इलेक्टर नावाची माणसं मध्ये असणं. तिसऱ्यावर वेळ घालवू नका, कारण फुटणाऱ्या, म्हणजे राज्याच्या निकालाविरुद्ध मत देणाऱ्या इलेक्टरना राज्य बांधून ठेवू शकतं असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्येच एकमताने सांगितलंय. खरा वाद पहिल्या दोघांत आहे, आणि लोक नेहमी पहिल्याबद्दल ओरडतात.

ओरडतात त्याला कारण आहे म्हणा. २०२० च्या जनगणनेचे आकडे घ्या, वायोमिंगमध्ये साधारण १ लाख ९२ हजार लोकांमागे एक इलेक्टर आणि कॅलिफोर्नियात साधारण ७ लाख ३२ हजार लोकांमागे एक, म्हणजे जवळजवळ पावणेचार पट फरक. हा आकडा ऐकला की समोरचा गप्प होतो, पण थांबा, इथे एक हिशोब कागदावर करून बघा. प्रत्येक राज्याचे (आणि डीसीचे) ते जादाचे दोन इलेक्टर काढून टाका आणि जुन्या निवडणुका परत मोजा. २०१६ मध्ये ट्रम्पने ३० राज्यं जिंकली होती, राज्यनिहाय निकाल ३०६ विरुद्ध २३२, ट्रम्पचे ६० वजा केले तर २४६, क्लिंटनची २० राज्यं आणि डीसी म्हणून ४२ वजा, राहिले १९०. म्हणजे तरीही ट्रम्पच जिंकले असते, जरी क्लिंटनना देशभरात २८ लाखांहून जास्त मतं अधिक होती! तेच २००० साली, बुश विरुद्ध गोर या निवडणुकीत करा: बुश २७१, राज्यं ३०, उरतात २११. गोर यांनी जिंकलेले २६७, त्यातून ४२ गेले, उरतात २२५. गोर जिंकले असते. म्हणजे छोट्या राज्यांच्या बोनसने २००० चा निकाल फिरवला पण २०१६ चा नाही, तिथे फिरवला तो विजेत्याला सगळं देण्याच्या नियमाने. मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया मिळून ७८ हजारांपेक्षा कमी मतांचा फरक होता आणि तिन्ही राज्यांचे सगळेच्या सगळे इलेक्टर एका बाजूला गेले.

मला स्वतःला हाच नियम सगळ्यात जास्त खटकतो. २०२० मध्ये ट्रम्पना सगळ्यात जास्त मतं कुठल्या राज्यातून मिळाली माहितीये? टेक्सास नाही, फ्लोरिडा नाही, कॅलिफोर्निया, ६० लाखांहून जास्त. आणि त्यातून इलेक्टर किती, शून्य. त्याच वर्षी बायडेनना टेक्सासमधून मिळालेली मतं न्यूयॉर्कपेक्षा किंचित जास्त होती, त्यांचाही टेक्सासमधून शून्य. या एक कोटी बारा लाखांहून जास्त लोकांनी मत दिलं आणि इलेक्टरांच्या मोजणीत ते कुठेच दिसलं नाही. समोरचा रिपब्लिकन विचाराचा असेल तर त्याला कॅलिफोर्नियाचं उदाहरण द्या आणि डेमोक्रॅट असेल तर टेक्सासचं, उलटं करू नका, माणूस आपल्या माणसांवरचा अन्याय लवकर ओळखतो.

न्याय्य म्हणजे काय, हे आधी ठरवून घ्या

समोरच्याला सरळ विचारा, "तुमच्या मते न्याय्य म्हणजे काय?" कुणी म्हणेल प्रत्येक माणसाचं मत सारखं मोजलं पाहिजे. कुणी म्हणेल अमेरिका हा राज्यांचा संघ आहे, तर राज्यांचा आवाज मोजला पाहिजे. कुणी म्हणेल निकाल स्पष्ट लागला पाहिजे आणि हरलेल्याने तो मानला पाहिजे, बाकी ठीक आहे. तिन्ही उत्तरं प्रामाणिक आहेत. दोघांची उत्तरं वेगळी असतील तर आकडे कितीही फेका काही होणार नाही, आधी या उत्तरावरच बोला.

मग कुणीतरी टेनिसचं उदाहरण काढेलच, की एखादा खेळाडू जास्त पॉइंट मिळवूनही मॅच हरतो मग काय रडायचं. तेव्हा शांतपणे सांगा की टेनिसमध्ये पॉइंट ही फक्त मोजायची गोष्ट आहे, इथे प्रत्येक पॉइंट म्हणजे एक नागरिक आहे आणि त्याच्यावर पुढची चार वर्षं राज्य होणार आहे. पण त्या उदाहरणात एक खरी गोष्ट आहे ती मात्र मान्य करा: नियम वेगळे असते तर दोन्ही पक्ष वेगळे खेळले असते. आज पॉप्युलर व्होटचा, म्हणजे देशभरातल्या एकूण मतांचा जो आकडा दिसतो तो सध्याच्या नियमाखाली तयार झालेला आहे, कॅलिफोर्नियातला रिपब्लिकन कदाचित घरीच बसला असेल, प्रचाराचा पैसा तिकडे गेलाच नसेल. म्हणून "क्लिंटन खऱ्या जिंकल्या होत्या" असं म्हणू नका, ते वाक्य टिकत नाही.

इतिहास सांगताना दोन्हीकडची सोपी गोष्ट टाळा. एक बाजू म्हणते हे सगळं छोट्या राज्यांना वाचवायला केलं, दुसरी म्हणते फक्त गुलामगिरीसाठी केलं. १७८७ मध्ये राज्यघटना लिहिणाऱ्या फिलाडेल्फियाच्या बैठकीत जेम्स विल्सन यांनी अध्यक्ष लोकांनी थेट निवडावं असं सुचवलं होतं. दुसरे घटनाकार जेम्स मॅडिसन यांना ती कल्पना तत्त्वतः पसंत होती, पण त्यांनीच सांगितलं की दक्षिणेची अडचण होईल, कारण तिथल्या गुलामांना मत नव्हतं आणि थेट मतदानात त्यांची संख्या दक्षिणेच्या कामाला येणार नव्हती. इलेक्टरची पद्धत आली तेव्हा गुलामांना तीन पंचमांश धरून जागा मिळत होत्या, तोच फायदा अध्यक्षाच्या निवडणुकीतही आला. त्याच वेळी काँग्रेसने अध्यक्ष निवडला तर तो तिच्या मुठीत राहील ही भीतीही खरी होती, आणि एवढ्या पसरलेल्या देशात लोकांना लांबच्या उमेदवाराची माहिती कशी होणार ही शंकाही. छोट्या राज्यांच्या रक्षणाचा मुद्दा कुणी फारच रेटला तर एवढंच विचारा, मग पहिल्या पाच अध्यक्षांपैकी चार जण तेव्हाच्या सगळ्यात मोठ्या राज्यातून, व्हर्जिनियातून, कसे काय आले. आणि विजेत्याला सगळे इलेक्टर देणं तर राज्यघटनेत नाहीच! घटनेने ते प्रत्येक राज्याच्या विधिमंडळावर सोडलंय, पुढे राज्यांनी आपापल्या पक्षाच्या फायद्यासाठी हा नियम एकेक करत उचलला. "घटनाकारांनी असंच ठरवलं होतं" या वाक्याला याहून चांगलं उत्तर नाही.

समोरच्याचे चांगले मुद्दे खरंच चांगले आहेत

बदल हवा असणाऱ्यांनी (माझ्यासकट) एक गोष्ट गांभीर्याने घ्यावी ती म्हणजे रिकाउंट. २००० मध्ये फ्लोरिडात ५३७ मतांवर अडलं तेव्हा घोळ एका राज्यापुरता राहिला, आणि तरी पाच आठवडे लागले आणि सुप्रीम कोर्टात गेलं. देशभरात थेट मतदान असतं आणि फरक थोडा असता तर पन्नास राज्यांत पन्नास कायद्यांखाली मतपत्रिका परत मोजायच्या, आणि हे सगळं चालवणारं एकच राष्ट्रीय निवडणूक खातं अमेरिकेत नाही. दुसरा मुद्दा, साधं जास्त मतं मिळवणं पुरे धरलं तर पाच-सहा उमेदवार उभे राहून कुणी ३० टक्क्यांवर अध्यक्ष होऊ शकतो, म्हणून थेट मतदान मागणाऱ्याने दुसरी फेरी किंवा पसंतीक्रमाचं मतदान हेही सोबत मागितलं पाहिजे, नाहीतर मागणी अर्धवट आहे.

पण "मग मोठी शहरंच अध्यक्ष ठरवतील" हा मुद्दा तितका चांगला नाही, तो आकड्याने खोडता येतो. सगळ्यात मोठ्या दहा शहरांची लोकसंख्या एकत्र केली तरी देशाच्या साधारण ८ टक्के होते, आणि ती सगळी एकाच पक्षाला मत देत नाहीत. उलट आत्ता काय होतंय ते बघा, २०२४ मध्ये सगळा जोर पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, ॲरिझोना, नेव्हाडा या सात राज्यांवर होता. वायोमिंग छोटं आहे तरी तिथे कुणी प्रचाराला फिरकत नाही, कारण निकाल आधीच माहितीये, म्हणजे छोट्या राज्यांना किंमत मिळते हा दावा प्रत्यक्षात तपासायला हवा.

"संसदीय देशांत तरी पंतप्रधान थेट कुठे निवडतात" हेही ऐकायला मिळेल. बरोबर आहे, कॅनडात २०१९ आणि २०२१ मध्ये ट्रुडोंच्या पक्षाला देशभरात कमी मतं असून सरकार त्यांचंच आलं. पण तिथे पंतप्रधानाला सभागृहाचा विश्वास टिकवावा लागतो, अमेरिकेचा अध्यक्ष एकदा बसला की महाभियोग सोडला तर चार वर्षं हलत नाही. एवढा फरक सांगा आणि पुढे चला.

एक कसोटी, ती स्वतःवर आधी लावा

तुमचा उमेदवार उलट बाजूला असता तरी तुम्ही हेच बोलला असतात का? यासाठी २००४ ची निवडणूक फार उपयोगी आहे. बुश देशभरात ३० लाख मतांनी पुढे होते, पण ओहायोत फरक फक्त १ लाख १८ हजारांच्या आसपास होता. तिथली साठ हजार मतं इकडची तिकडे झाली असती तर त्यांचे डेमोक्रॅट प्रतिस्पर्धी केरी कमी मतं मिळवून अध्यक्ष झाले असते. २०२० मध्ये बायडेन ७० लाखांनी पुढे होते, तरी जॉर्जिया, ॲरिझोना आणि विस्कॉन्सिन मिळून फरक ४३ हजारांच्या आतला, ही तीन फिरली असती तर २६९-२६९. आणि २०२४ मध्ये ट्रम्पनी ३१२ इलेक्टरही जिंकले आणि मतंही जास्त मिळवली, त्यामुळे पद्धत कायमची एकाच पक्षाच्या बाजूची आहे हा दावा मी करत नाही, तुम्हीही करू नका. नियम कुणालाही फसवू शकतो हाच जास्त भक्कम मुद्दा आहे.

वाद पुढे गेला की समोरचा म्हणेल, बरं मग करायचं काय. इथे बरेच जण गडबडतात. मतदारसंघाप्रमाणे वाटा, असं लगेच म्हणू नका: २०१२ मध्ये देशभर तसं असतं तर ओबामांपेक्षा ५० लाख मतं कमी मिळवून त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी रॉम्नी जिंकले असते, कारण मतदारसंघांच्या रेषा राजकारणी आखतात. घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि ३८ राज्यं लागतात. अशक्य वाटतं, पण १९६९ मध्ये थेट निवडणुकीचा ठराव हाउसने ३३८ विरुद्ध ७० ने पास केला होता, तेव्हाचे अध्यक्ष निक्सन यांचाही पाठिंबा होता, पुढच्या वर्षी सिनेटमध्ये तो बोलबोलून अडवला गेला. तिसरा मार्ग राज्यांच्या कराराचा, की २७० इलेक्टर होतील इतकी राज्यं सामील झाली की सगळ्यांनी आपले इलेक्टर देशभरात जास्त मतं मिळवणाऱ्याला द्यायचे. २०२४ मध्ये मेन आल्यावर बेरीज २०९ झाली. यातल्या त्रुटी स्वतःहून सांगा: तोवर सामील झालेली राज्यं डेमोक्रॅटिक कलाची आहेत, दुसऱ्या फेरीची सोय नाही, आणि काँग्रेसच्या संमतीशिवाय असा करार चालतो का हे कोर्टात अजून ठरायचंय.

आणि वाद अगदीच अडला, कुणी मागे हटेना, तर बरोबरीच्या निकालाचा विषय काढा. कुणालाच २७० मिळाले नाहीत तर अध्यक्ष हाउस निवडतं, आणि तेही एका राज्याला एक मत अशा हिशोबाने, म्हणजे कॅलिफोर्नियाचे ५२ सदस्य मिळून एक मत आणि वायोमिंगचा एकटा सदस्य एक मत, डीसीला काहीच नाही. १८२४ मध्ये असंच झालं, जॅक्सन लोकांच्या मतांतही आणि इलेक्टरमध्येही पुढे होते आणि हाउसने ॲडम्सना निवडलं. इलेक्टोरल कॉलेजच्या कट्टर समर्थकालाही याचं समर्थन करणं जड जातं. तिथे दोघांचं एकमत होतंय का बघा, झालं तर तिथून मागे येत येत विचारत जा, की मग हे चालत नाही तर कुठपर्यंतचं चालतं.