कुरळ्या केसांतली ओल

आमच्याकडे शेतकरी म्हणतात, एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी. रब्बीच्या ज्वारीला वरून पाणी मिळायची खात्री नसते. काळ्या रानात पावसाळ्याची जी ओल उरली तिच्यावरच पीक काढायचं, म्हणून भेगा पडायला लागल्या की कोळपं, म्हणजे पिकाच्या ओळींमधली माती वरवर हलवायचं औत, घालायचं. वरची माती भुसभुशीत झाली की भेगा बुजतात आणि खालची ओल खालीच राहते. औशाजवळच्या आमच्या गावी हे मी लहानपणापासून ऐकत आले. आपल्या डोक्यावरच्या केसांचंही गणित तेच आहे, हे मात्र मला पस्तिशीनंतर उमगलं.

तोवर मी केसांना नुसतं तेल चोपडत होते. माझे केस दाट, कुरळे, फणीचे दात मोडणारे. आई म्हणायची, "तुह्या डोक्यात किती बी तेल वता, रात्रीतून पिऊन टाकतंय." पण तेल म्हणजे पाणी नव्हे. तेलानं केसात ओल येत नाही, असलेली ओल टिकते. कोरड्या केसावर तेल लावणं म्हणजे कोरड्या रानात कोळपं फिरवणं. आधी पाणी, मग त्यावर झाकण. हा क्रम बदलला आणि माझे केस बदलले.

सरळ केसाला हे सगळं लागत नाही, कारण टाळूचं तेल त्याच्यावरून सरसर टोकापर्यंत उतरतं. कुरळ्या केसात ते पहिल्या दोन-तीन वळणांवरच अडकतं, म्हणून मुळं तेलकट आणि टोकं वाळल्या गवतासारखी. शिवाय वळणावर केसाच्या वरचे खवले किंचित उघडे राहतात आणि तिथून ओल उडते. त्यात केस दाट असले तर चार तांबे ओतूनही मधला थर कोरडाच राहतो. न्हाताना बोटं मुळाशी घालून बघा, डोक्याच्या मागच्या बाजूला हमखास कोरडी जागा सापडेल.

आता पाण्याचं. मराठवाड्यात केसांची अर्धी तक्रार पाण्यातच असते. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. बादलीच्या कडेला पांढरा थर चढतो, साबणाचा फेस होत नाही, उलट दह्यासारखा चोथा तयार होतो. तोच चोथा केसावर बसतो, आणि मग वरून काहीही लावा, ते आत पोचत नाही. अंगाच्या साबणाची वडी केसांना लावणं तर आधी बंद करा. सगळं न्हाणं गोड्या पाण्यानं करणं आपल्याला शक्य नाही, मला ठाऊक आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा मी इथंच राहत होते. घागरीनं मोजून पाणी वापरलेल्या माणसाला मी "भरपूर पाण्यानं धुवा" असं सांगणार नाही. पण शेवटचे दोन तांबे तरी फिल्टरचं किंवा जारचं पाणी ठेवा. फरक त्याच दिवशी हाताला कळतो. तेही नसेल तर बोअरचं पाणी खळखळून उकळा, रात्रभर निवू द्या आणि वरचं नितळ पाणी अलगद काढून घ्या. थोडे क्षार तळाशी बसतात.

सगळ्यात चांगलं पाणी पावसाचं. आमची आजी मृगाच्या पावसात माळवदाच्या पन्हाळाखाली घंगाळ मांडायची, पण पहिल्याच सरीला नाही. पहिल्या सरीत माळवदाची माती उतरते, ती वाहून जाऊ द्यायची. तिसऱ्या-चौथ्या पावसाचं पाणी ती आम्हा पोरींच्या न्हाण्याला राखून ठेवायची, आणि त्या दिवशी माझ्या केसांत फणी न रडता चालायची. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आमच्या घरावर माळवद राहिलं नाही, पत्रे आले. पत्र्यावरचं पाणी उलट लवकर स्वच्छ होतं. पहिले एक-दोन पाऊस सोडा, मग पन्हाळीखाली झाकणाचं पिंप ठेवा आणि कापडातून गाळून घ्या.

न्हायच्या आदल्या रात्री तेल लावायचं. इथं नारळाचंच तेल हवं. ते केसाच्या आत शिरतं, त्यामुळे धुताना केस पाणी पिऊन फार फुगत नाही आणि त्यातलं प्रथिन कमी झिजतं. थंडीत २४ अंशांच्या खाली ते थिजतं. बाटली गरम पाण्यात उभी करा, गॅसवर धरू नका. केसांवर आधी हातानं पाणी शिंपडा, मग तेल लावा, आणि मुळांपेक्षा टोकांना जास्त द्या. एरंडेल मी सुचवत नाही. ते इतकं चिकट असतं की दाट केसांतून निघता निघत नाही, आणि काढायच्या नादात दोनदा शिकेकाई लावली की सगळी ओल गेलीच. डोक्यात कोंडा असेल तर टाळूवर रात्रभर तेल ठेवू नका, फक्त लांबीला लावा.

धुण्यासाठी शिकेकाई उत्तम, पण पूड नको. कुरळ्या केसांत पूड अडकली की दोन दिवस कंगव्यातून भुकटी पडते. सात-आठ शेंगा, बिया काढलेले दोन रिठे आणि मूठभर सुकवलेला आवळा लिटरभर पाण्यात रात्री भिजवा. सकाळी दहा मिनिटं उकळा, कुस्करा आणि कापडातून गाळा. पातेलं स्टीलचं घ्या, लोखंडात काढा काळा पडतो. रिठा दोनपेक्षा जास्त नको, फेस येतो म्हणून हात सैल सुटतो पण तो केस फार कोरडे करतो. हा काढा टाळूला चोळायचा. ओघळून खाली येईल तेवढा लांबीला पुरतो. फेस कमीच येईल, त्याची काळजी नको. डोळे मात्र घट्ट मिटा. आठवड्यातून एकदा न्हाणं पुरे.

गुंता काढायचा तो ओल्या केसांतून, आणि केसावर काहीतरी बुळबुळीत असताना. माझा भरवसा जास्वंदीच्या पानांवर. दहा-बारा पानं तांब्याभर पाण्यात हातानं चुरत राहा, पाच मिनिटांत पाणी दाटसर आणि घसरडं होतं. गाळून डोक्यावर ओता. केसांचे चार भाग करा, एका भागावर काम करताना बाकीचे क्लिपनं वर बांधा. आधी बोटं, मग मोठ्या दातांचा कंगवा, आणि सुरुवात टोकापासून. टोकाचे चार बोटं सुटले की वर सरका. मुळापासून ओढलं की सगळा गुंता खाली गोळा होतो आणि तिथंच केस तुटतो. ओला केस ताणला जातो म्हणून हात हलका ठेवायचा. जास्वंद नसेल तर दोन चमचे मेथ्या रात्री भिजवून, वाटून, पातळ करून, गाळून घ्या. केळं मी एकदाच लावलं. त्याचे कण वेचताना संध्याकाळ झाली. दही चालतं, वीस मिनिटं ठेवून गार पाण्यानं धुवा.

आणि आता जवस. ज्याची आपण चटणी करतो तोच. कुरळ्या केसांसाठी याच्यासारखी दुसरी वस्तू मी पाहिली नाही, आणि ती आपल्या डब्यातच असते याचा मला फार आनंद आहे.

पाव वाटी कच्चा जवस घ्या. भाजलेला नको. दोन वाट्या पाणी घालून मंद आचेवर ठेवा आणि ढवळत राहा, नाहीतर दाणे तळाला धरतात. चार-पाच मिनिटं काहीच होत नाही. मग कडेला बारीक पांढरा फेस येतो, पाणी जड वाटू लागतं, चमचा फिरवला की दाणे त्याच्यामागे एकदम न येता रेंगाळत येतात. चमचा वर उचला. थेंब टपकन पडला तर अजून वेळ आहे. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी लांब तार सुटली आणि तुटताना परत वर ओढली गेली, की त्याच क्षणी गॅस बंद करा. आणखी अर्धं मिनिट गेलं तर गाळणं अवघड होतं. गरम असतानाच गाळायचं; गार झालं की जेल दाण्यांना सोडत नाही. चहाची गाळणी लगेच तुंबते. मी जुन्या पातळ ओढणीचा तुकडा भांड्यावर ताणून बांधते, त्यावर ओतते, आणि हात लावण्याइतकं निवलं की पुरचुंडी करून पिळते. उरलेल्या दाण्यांत वाटीभर पाणी घालून पुन्हा उकळलं तर एक पातळ जेल निघतं, तेही टाकू नका.

हे फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं. आंबूस वास आला की फेकून द्या. जास्त केलंत तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, दर रविवारी दोन-तीन खडे काढा. जवस मिळाला नाही तर आठ-दहा भेंड्या चिरून उकळून, गाळून असंच जेल होतं, फक्त ते दोन-तीन दिवसांतच उतरतं.

लावायचं केव्हा, तर केसांतून पाणी टपकत असताना. टॉवेलनं पुसून मग लावलं तर अर्धा फायदा गेला. तळहातभर जेल घ्या, एका भागाला वरून खाली माखा, मग टोकं तळहातावर घेऊन मुठीनं मुळाकडे दाबत जा. बरोबर पाणी असलं की चुबुक चुबुक आवाज येतो. आवाज आला नाही तर अजून थोडं पाणी शिंपडा. सगळं झालं की करडईच्या तेलाचे चार-पाच थेंब हातावर चोळून वरून दाबा. हेच आपलं कोळपं. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा 'परभणी कुसुम' हा करडईचा वाण आमच्या रानात असायचा आणि घाण्यावरून डबा घरी यायचा. ते तेल हलकं असतं, केस चिपकत नाहीत.

मग जुना सुती पंचा किंवा टी-शर्ट घेऊन केस नुसते टिपा, घासू नका. वाळेपर्यंत हात लावायचा नाही. वाळल्यावर केस कडक, कुरकुरीत लागतील. घाबरू नका, मुठीत धरून हळूहळू चुरा, कडकपणा जातो आणि वळणं मऊ होऊन सुटतात. पांढरी भुकटी दिसली तर जेल जास्त झालं.

ऋतूप्रमाणे यात बदल करावा लागतो. मध आणि ग्लिसरीन पाणी ओढून घेतात, हे खरं. पण एप्रिल-मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो तेव्हा आपल्याकडच्या हवेत ओढून घ्यायला पाणीच नसतं, मग ते केसातलंच ओढून बाहेर काढतात. उन्हाळ्यात दोन्ही बंद. श्रावणात जेलमध्ये अर्धा चमचा मध चालेल. कोरफड ताजी लावायची तर पान कापून अर्धा तास उभं ठेवा, पिवळा चीक गळून जाऊ द्या, आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट बघा. खायचा सोडा केसांना कधीही लावू नका.

बहिणीच्या लग्नाआधी मी एका पार्लरमध्ये केस सरळ करून घेतले होते. सहा महिन्यांत मुळाशी कुरळे उगवले आणि जिथं कुरळं आणि सरळ भेटत होतं तिथून केस तुटायला लागला. लांबी परत यायला तीन वर्षं लागली. तुमच्या मुलीला कुणी "केस सरळ करून टाक" म्हणालं तर कृपा करून तिला आधी हा जवस करून द्या. केस चकत्या-चकत्यांनी जात असतील तर मात्र घरचे उपाय बाजूला ठेवून त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

झोपताना उशीवर जुन्या सिल्कच्या साडीचा तुकडा घाला. सुती अभ्रा ओल पितो आणि केस घासले जातात. गाडीवर स्कार्फ बांधता, त्याच्या आत तसाच एक तुकडा धरा.

माझी लेक सातवीत आहे, तिचेही केस माझ्यासारखेच, आणि शाळेत रोज दोन वेण्या लागतात. सकाळी तिचे केस कोरडे विंचरायचे नाहीत, हा आमच्या घरचा नियम. स्प्रेच्या बाटलीत एक भाग जवसाचं जेल आणि चार भाग पाणी भरून ठेवते, दोन दिवसांनी नवीन करते. केस दमट होईपर्यंत फवारायचं, बोटांनी सोडवायचं, सैल वेणी घालायची, टोकाला एक थेंब करडईचं तेल. रबर नको, कापडी बँड. रिबीन मात्र कोरडीच बांधा, ओल्या रिबिनीची गाठ संध्याकाळी सुटत नाही आणि मग चार केस तिच्याबरोबर जातात.