मिसळीचे पैसे घेतले नाहीत, तर ते कुठे लिहायचं?

कोथरूडच्या एका नव्या मिसळवाल्याने मला आग्रहाने बोलावलं. मिसळ, जादा रस्सा, वर ताक आणि निघताना ‘तुमच्याकडून कसले पैसे घ्यायचे सर!’ घरी येऊन मी रश्श्याचं कौतुक लिहिलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण पैसे मोजून खाल्ला असता तर तो रस्सा इतकाच आवडला असता का, हे मला आजही सांगता येत नाही. एकट्याने लिहिणाऱ्याची किंवा व्हिडिओ करणाऱ्याची गोची हीच आहे. संपादकही आपण आणि जाहिराती घेणारेही आपणच.

सुरुवात वहीपासून करा. साधी शंभर पानी चालेल. तारीख, कोणी दिलं, काय दिलं, बाजारात किंमत किती, त्यावर लिहिलं का, एवढे रकाने पुरे. यूपीआयने आलेले पैसे बँक लक्षात ठेवते. आपण विसरतो ते फुकटचं. नाटकाचा पास, महाबळेश्वरची एक रात्र, ‘परत नाही केलात तरी चालेल’ म्हणून आलेला मिक्सर. मेहुण्याच्या दुकानावर लिहिणार असाल तर तेही नोंदवा, किमतीच्या रकान्यात शून्य आलं तरी. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत पैशांबरोबर भेटवस्तू, सवलत, सहल, हॉटेलचा मुक्काम, नातं आणि नोकरीही हितसंबंधांत धरली आहे. न मागता आलेल्या वस्तूही सुटत नाहीत.

या कमाईसाठी बँकेत वेगळं खातं उघडा.

मग काय घ्यायचं नाही ते ठरवा. वरकमाईचा वाद पुण्याला नवा नाही. १८९० मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले, त्यामागे आजीव सदस्यांनी, म्हणजे संस्थेला वाहून घेतलेल्या शिक्षकांनी, बाहेरची मिळकत घ्यावी का, हाही मुद्दा होता. टिळकांचं म्हणणं, घेऊ नये. आपला नियम इतका कडक नसला तरी चालेल, पण तो लिहिलेला हवा. पैसे घेऊन लिहिणार असाल तर बोलणी मेसेजवर करा: जाहिरात असल्याचं वरच लिहीन, मत माझं राहील, तपशील चुकला तर दाखवा. ‘ते जाहिरातीचं तेवढं लिहू नका, हजार जास्त देतो’ असं सांगणारे भेटतातच. त्यांना तिथेच नमस्कार करायचा.

काय मिळालं याचा खुलासा कौतुकाच्या आधी करायचा. शेवटच्या ओळीत किंवा वीस हॅशटॅगच्या गर्दीत नाही. व्हिडिओत तो बोलायचा आणि पडद्यावरही दाखवायचा, लाइव्हमध्ये सतत दिसत ठेवायचा. मजकूर मराठीत असेल तर खुलासाही मराठीत. केंद्राच्या त्या मार्गदर्शिकेप्रमाणे ‘कोलॅबरेशन’ हा शब्द चालतो, मला चालत नाही. आमच्या आईला दाखवला तर तिला वाटेल, दोघांनी मिळून मिसळ केली. त्यापेक्षा सरळ लिहा: ‘हॉटेलने जेवणाचे पैसे घेतले नाहीत. मजकूर त्यांना आधी दाखवलेला नाही.’

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात शिफारस करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड आहे. पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. शेअर घ्या-विका असा सल्ला पैसे घेऊन द्यायचा तर शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीची नोंदणी लागते, तिथे नुसता खुलासा पुरत नाही.

वही कराच्या वेळीही कामाला येते. एकाच कंपनीकडून वर्षात २० हजारांहून जास्त किमतीच्या वस्तू किंवा सोयी मिळाल्या, तर १ जुलै २०२२ पासून देणाऱ्याला त्यावर १० टक्के कर कापावा लागतो. वापरून परत केलेला फोन त्यात धरत नाहीत, म्हणून परतीची पोच जपून ठेवा. बाकीचं सीएला विचारा.

एप्रिलमध्ये वर्षाची बेरीज वाचकांपुढे ठेवा: जाहिरातींतून किती, वर्गणीतून किती, फुकट वस्तू किती रुपयांच्या. गणेश मंडळाच्या अहवालात जमाखर्चाचं पान असतं, तसंच.

जुन्या मजकुरातही दुरुस्ती करता येते. गुपचूप नको, तारीख टाकून. मिसळीच्या त्या लेखावर मी तशी ओळ टाकली, तेव्हा मालकांचा फोन आला, ‘सर, एवढं लिहायची काय गरज होती?’ पुढच्या वेळी गेलो तेव्हा त्यांनी बिल आणून दिलं. ताकाचे वेगळे लावले होते.