इंडियानातल्या कोलंबसचा नोव्हेंबर : हवामानाचा अंदाज कसा वाचावा

पुण्याहून इंडियाना राज्यातल्या कोलंबसला येणारी मराठी माणसं बहुतेक वेळा कमिन्सच्या नोकरीनिमित्त येतात. ही इंजिनांची कंपनी १९१९ साली याच गावात सुरू झाली आणि तिचं भारतातलं मुख्य कार्यालय पुण्यात आहे. त्यामुळे मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांनी वेढलेल्या, जेमतेम पन्नास हजार वस्तीच्या या गावात वाणसामान घेतानासुद्धा मराठी कानावर पडतं. नव्याने आलेलं कुणी भेटलं की घर, गाडी, शाळा यांच्याबरोबर मी नोव्हेंबरचा विषय काढतोच.

पुण्यात दिवाळीच्या सुमारास हवा कोरडी झाली की बरेच दिवस तशीच राहते. पहाटे गारठा, दुपारी ऊन. कालच्यासारखाच आजचा दिवस जाईल, असं धरून चाललं तरी फारसं बिघडत नाही. कोलंबसचा नोव्हेंबर तसा नाही. सोमवारी अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि मंगळवारी दुपारी कानटोपी, असं इथे सहज होतं. माझ्या पहिल्या नोव्हेंबरात आईबाबा आले होते. उरलीसुरली रंगीत पानं दाखवायला त्यांना शेजारच्या ब्राउन काउंटीच्या (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) टेकड्यांत घेऊन गेलो. निघताना फोनवर ५८ अंश फॅरनहाइट दिसत होते, म्हणून पातळ स्वेटर पुरेत असं मीच सांगितलं. चार वाजता ३६ अंश होते, वारा अंगावर धावून येत होता आणि आईचे हात गाडीत हीटर लावल्यावरही बराच वेळ गार होते. अंदाज चुकला नव्हता. मला तो वाचता आला नव्हता. तेव्हापासून जसा वाचत आलो, तसा पायरी-पायरीने सांगतो.

पायरी १ : फॅरनहाइट अंगवळणी पाडून घ्या

हिशेब सोपा आहे. आकड्यातून ३० वजा करा आणि उरलेल्याचं निम्मं करा. ५० म्हणजे १० सेल्सिअस. थोडा फरक पडतो, पण कपडे ठरवायला एवढं पुरतं. ३२ हा आकडा मात्र पाठ हवा, कारण तिथे पाणी गोठतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथे दुपार सरासरीने साठच्या जवळ जाते. महिना संपताना ती पंचेचाळिसाच्या आसपास उतरते आणि रात्री गोठणबिंदूला टेकायला लागतात. या झाल्या सरासऱ्या. प्रत्यक्षातले दिवस त्यांच्या खूप वर आणि खूप खाली हिंदकळतात, म्हणून सरासरीवर विसंबून घराबाहेर पडू नका.

पायरी २ : अंदाज मुळातून घ्या

फोनमध्ये आधीपासून असलेलं हवामानाचं ॲप दिवसाला एक चित्र आणि दोन आकडे दाखवतं. नोव्हेंबरात तेवढ्याने भागत नाही. अमेरिकी सरकारच्या नॅशनल वेदर सर्व्हिसच्या संकेतस्थळावर, म्हणजे वेदर डॉट गव्हवर जा आणि कोलंबसचा झिप कोड ४७२०१ टाका. आपल्या भागाचा अंदाज इंडियानापोलिसचं कार्यालय करतं. पान उघडलं की नकाशावर आपल्या घरावर बोट ठेवा, म्हणजे त्याच ठिकाणाचा अंदाज येतो. सगळं फुकट आहे आणि जाहिरातींचा त्रास नाही.

याच पानावर ‘फोरकास्ट डिस्कशन’ नावाचा दुवा आहे. ड्यूटीवरचा हवामानतज्ज्ञ त्यात आपलं मत लिहितो : पाऊस किती वाजता सुरू होईल, कशाबद्दल खात्री आहे, कशाबद्दल नाही. भाषा आधी किचकट वाटते. पण आठवडाभर रोज दोन परिच्छेद वाचा, ओळख होते. मला या सगळ्यात हाच मजकूर सर्वांत मोलाचा वाटतो. आकडा किती पक्का आहे हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही, ते इथे कळतं.

पायरी ३ : ‘आजचं कमाल’ सोडा, तासांचा आलेख बघा

पानाच्या खालच्या बाजूला ‘अवरली वेदर ग्राफ’ आहे. तापमान, दवबिंदू (हवा किती दमट आहे ते सांगणारं तापमान), वारा, ढग, पाऊस अशा रेषा त्यात तासागणिक काढलेल्या असतात. आधी तापमानाची रेषा कुठे वळते ते बघा.

आपल्याकडे सवय अशी की तापमान दुपारपर्यंत चढतं आणि मग उतरतं. इथे थंड हवेची लाट आली की रेषा सकाळपासून नुसती उतरत जाते. दिवसाचं कमाल तापमान कधीकधी मध्यरात्री बारा वाजून पाच मिनिटांनी नोंदवलेलं असतं, आणि ॲप दिवसभर तोच आकडा मिरवत राहतं. ब्राउन काउंटीत आमचं हेच झालं. याच मिडवेस्टमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात, मिसूरीतल्या स्प्रिंगफील्डला ११ नोव्हेंबर १९११ रोजी दुपारी ८० अंश होते आणि मध्यरात्रीपर्यंत पारा १३ वर आला. असं रोज होत नाही, पण वीस-पंचवीस अंशांची घसरगुंडी दर नोव्हेंबरात बघायला मिळते.

पायरी ४ : वारा कुठून येतोय ते बघा

एकच गोष्ट बघायला वेळ असेल तर हीच बघा. कोलंबसच्या उत्तरेला कॅनडापर्यंत वारा अडवणारा एकही डोंगर नाही आणि दक्षिणेला मेक्सिकोच्या आखातापर्यंतही मोठा आडोसा नाही. उत्तरेतली थंड, कोरडी हवा आणि आखातावरची उबदार, दमट हवा याच सपाट मुलखात एकमेकींना भिडतात. उन्हाळ्यात ही झुंज बरीच उत्तरेला असते. हिवाळा जवळ आला की ती खाली सरकते आणि नोव्हेंबरात आपल्या डोक्यावर येते.

त्यामुळे हवेचं एक चक्र चालू राहतं आणि ते ओळखता येतं. दक्षिणेचा किंवा नैर्ऋत्येचा वारा सुटला की हवा ऊबदार होते, दवबिंदू चढतो, घरात वायुदाबमापक असेल तर त्याचा काटा उतरू लागतो. लोक कोट काढून फिरतात. मग पश्चिमेकडून ढगांची भिंत येते, जोराची सर कोसळते आणि तासा-दोन तासांत वारा पश्चिमेला, मग वायव्येला वळतो. वारा वळला की समजा, दिवस संपला. आता तापमान चढणार नाही. पुढे एक-दोन दिवस मळभ, बोचरा वारा, क्वचित भुरभुरतं बर्फ. मग आभाळ निवळतं, वारा पडतो आणि त्या निरभ्र रात्री सगळ्यांत कडक गारठा पडतो. त्यानंतर पुन्हा दक्षिणेचा वारा.

आलेखात वाऱ्याची दिशा बाणांनी दाखवलेली असते. बाण कोणत्या तासाला वळतो ते बघून ठेवा. मुलांचा फुटबॉलचा सामना, गाडी धुणं, अंगणातली पानं गोळा करणं, सगळं त्या वेळेच्या अलीकडे उरका. दिवाळी नोव्हेंबरात आली तर दारातली रांगोळी आणि आकाशकंदील यांचाही निकाल याच बाणावर अवलंबून असतो.

पायरी ५ : अंगाला किती लागेल ते वेगळं मोजा

कापणी झाली की गावाभोवतीची शेतं उघडी पडतात आणि वाऱ्याला अडवायला काही उरत नाही. तापमान ४० आणि वारा ताशी २० मैल असला तर उघड्या कातडीला ते ३० सारखं लागतं. तापमान ३० आणि वारा १५ मैल असला तर १९ सारखं. यालाच विंड चिल म्हणतात आणि आलेखात त्याची वेगळी रेषा असते. मुलांना बसथांब्यावर पाठवताना हीच रेषा बघावी. नळातलं पाणी किंवा कुंडीतलं रोप मात्र विंड चिलने गोठत नाही, त्यांच्यासाठी खरं तापमानच बघायचं.

पायरी ६ : पावसाची टक्केवारी

४० टक्के म्हणजे दिवसातला ४० टक्के वेळ पाऊस, असं नाही. त्या कालावधीत तुमच्या ठिकाणी किमान एक शतांश इंच पाऊस पडण्याची शक्यता शंभरात ४०, एवढाच त्याचा अर्थ. किती पडेल आणि किती वेळ, हे वेगळ्या ओळीत असतं. नोव्हेंबरातली ३० टक्के सर दिवसभराची झिमझिमही असू शकते.

पायरी ७ : तुळस आत कधी घ्यायची

इथल्या जवळजवळ प्रत्येक मराठी घराच्या डेकवर तुळशीची कुंडी असते, शेजारी कढीपत्ता. तुळशीचं लग्न बहुतेक वर्षी नोव्हेंबरात येतं आणि तोवर तुळस बाहेर ठेवायचा मोह होतो. पण तुळशीला ५० अंशांच्या खालच्या रात्री सोसत नाहीत, पानं काळी पडायला लागतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच ती दक्षिणेच्या खिडकीत हलवा आणि लग्न दिवाणखान्यात लावा. आमच्याकडे खिडकीशी लाकडी पाट मांडून, उसाचे दांडके मिळाले तर ते आणि नाही मिळाले तर मक्याची वाळकी ताटं बांधून मांडव होतो. छान दिसतो.

बाहेर काही राहिलं असेल तर एक लक्षात ठेवा. अंदाजातलं तापमान जमिनीपासून पाच-सहा फुटांवरचं असतं. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमिनीलगतची हवा त्याहून थंड होते, म्हणून अंदाज ३५ चा असतानाही सकाळी गवत पांढरं झालेलं दिसतं. आणि गारठ्याच्या सूचना फक्त पिकांचा हंगाम असेपर्यंत दिल्या जातात. एकदा कडक थंडी पडून हंगाम संपला की पारा २५ वर जाणार असला तरी सूचना येत नाही. सूचना नाही म्हणजे गारठा नाही, असं समजू नका. अंगणातल्या नळाची रबरी नळी त्याआधीच काढून ठेवा. ती लावलेली राहिली तर आत अडकलेलं पाणी गोठून भिंतीतला पाइप फुटू शकतो.

पायरी ८ : वॉच, वॉर्निंग आणि ॲडव्हायझरी

इथे मोठा घोळ होतो, म्हणून सावकाश वाचा. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या भाषेत ‘वॉच’ म्हणजे वादळाला पोषक परिस्थिती आहे, तयारीत राहा. ‘वॉर्निंग’ म्हणजे संकट आलं आहे किंवा अगदी दारात आहे, आत्ता हालचाल करा. ‘ॲडव्हायझरी’ म्हणजे त्रास होईल, जपून राहा. पण इंडियाना राज्याचा काउंटीवार प्रवास-नकाशा हेच तीन शब्द दुसऱ्या अर्थाने वापरतो. त्यात पिवळी ॲडव्हायझरी सर्वांत सौम्य, केशरी वॉच म्हणजे अगदी गरजेचाच प्रवास करा आणि लाल वॉर्निंग म्हणजे रस्ते फक्त आणीबाणीच्या कामासाठी. आपली काउंटी बार्थोलोम्यू. नकाशात ती कुठे आहे ते आजच बघून ठेवा.

थंडी आली म्हणजे टोर्नेडो संपले, असं पुष्कळ लोक धरून चालतात. इंडियानात ते खरं नाही. ६ नोव्हेंबर २००५ च्या रात्री दोनच्या सुमारास एव्हान्सव्हिल परिसरात टोर्नेडो आला आणि २५ माणसं गेली. १७ नोव्हेंबर २०१३ रोजी इलिनॉय आणि इंडियानात एकाच दिवशी टोर्नेडोंची रांग लागली होती. नोव्हेंबरातल्या एखाद्या दिवशी हवा अकारण दमट, ऊबदार वाटली, दवबिंदू ६० च्या आसपास गेला आणि दक्षिणेचा वारा जोरात असला, तर त्या रात्री फोनचा आवाज चालू ठेवून झोपा. त्याहून बरं म्हणजे बॅटरीवर चालणारा वेदर रेडिओ, म्हणजे हवामानाच्या सूचना देणारा रेडिओ, उशाशी ठेवा. वॉर्निंग आली तर तळघरात जा. तळघर नसेल तर सर्वांत खालच्या मजल्यावरच्या, खिडकी नसलेल्या आतल्या खोलीत जा, न्हाणीघर किंवा कपाटाची खोली चालेल. आईवडील आलेले असतील तर ती जागा त्यांना पहिल्याच दिवशी दाखवा.

पायरी ९ : रस्ता आणि काळोख

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळं एक तास मागे जातात. भारताशी साडेनऊ तासांचं अंतर साडेदहाचं होतं, हे घरी फोन करताना लक्षात येतंच. पण मोठा बदल रस्त्यावर असतो. महिनाअखेरीस सव्वापाच-साडेपाचला सूर्य मावळतो, म्हणजे कामावरून घरी परतायची वेळ काळोखात जाते. हाच हरणांच्या माजाचा काळ. शेतांच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावर एक हरीण आडवं गेलं की वेग कमी करा, मागून दुसरं येत असतं. गाडी एकाएकी बाजूला वळवू नका, आपल्याच लेनमध्ये ब्रेक लावा.

या महिन्यात जमीन अजून ऊबदार असते, म्हणून पहिलं बर्फ रस्त्यावर बहुधा विरघळतं. पुलांना खालून जमिनीची ऊब नसते, त्यामुळे ते आधी गोठतात. पावसाची सर जाऊन रात्री आभाळ निवळणार असेल आणि तापमान ३२ च्या खाली जाणार असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुलांवर दिसतही नाही असा पातळ बर्फ असू शकतो. आपल्या गावात ड्रिफ्टवुड आणि फ्लॅटरॉक या नद्यांचा संगम आहे, म्हणजे पुलांशिवाय कुठे जाता येत नाही. अशा सकाळी दहा मिनिटं लवकर निघा.

गाडीची दोन कामं थंडीआधी उरका. तापमान दहा अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण एक पीएसआय (टायरमधल्या दाबाचं माप) कमी होते, म्हणून दाब बघून घ्या. आणि काच धुण्याचं उन्हाळी पाणी बदलून न गोठणारं भरा.

माझा रोजचा क्रम असा आहे. संध्याकाळी जेवण झालं की पाच मिनिटं आलेख उघडतो. आधी वाऱ्याचा बाण, मग तापमानाची रेषा, मग सकाळी सात आणि संध्याकाळी पाच या दोन वेळांचं विंड चिल. हवामानतज्ज्ञाचे दोन परिच्छेद वाचतो आणि दाराशेजारच्या खुंटीवर उद्याचे कोट अडकवतो. आईबाबा आलेले असले की त्यांच्या कानटोप्याही.