मे महिन्यात मळ्यावर शेगडी पेटवताना

नाशिकजवळ, गिरणारे गावाच्या पुढे माझ्या मेव्हण्याचा मळा आहे. दर मे महिन्यात आम्ही तिथे शेगडी पेटवतो. पहिल्या वर्षी कोंबडीच्या तंगड्या भाजायचा मान त्यानेच घेतला. "दाजी, रंग बघा कसा आलाय!" रंग झकासच होता. तंगडी मोडली तर सांध्यापाशी मांस लिबलिबीत, कच्चं. रात्री साडेनऊला सगळ्या तंगड्या कुकरमध्ये गेल्या आणि पुढच्या वर्षीपासून शेगडी माझ्याकडे आली.

चूक मसाल्याची नव्हती. त्याने शेगडीभर निखारे सारखे पसरले होते, म्हणजे तंगडीला आचेपासून बाजूला व्हायला जागाच नव्हती. त्याकडे येतोच, पण आधी थंडाव्याचं बघा.

नाशकात मे महिन्यात पारा चाळिशीपर्यंत जातो. 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या दरम्यान मांसातले जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून 32 अंशांच्या वर उकाडा असेल तर कच्चं काय, शिजलेलं काय, तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. मांस सगळ्या खरेदीच्या शेवटी घ्या आणि भरपूर बर्फ घातलेल्या थर्माकोलच्या खोक्यातून न्या. थंड पेयांचं खोकं वेगळं ठेवा, कारण पोरं ते दर पाच मिनिटांनी उघडतात. चिकन नळाखाली धुऊ नका. आमच्या आईला हे अजून पटलेलं नाही. पण धुतल्याने जंतू जात नाहीत, शिंतोड्यांबरोबर ओट्यावर आणि कोशिंबिरीच्या काकडीवर जातात. ते मरतात आचेनेच.

मसाला घरूनच लावून न्या. चिकनला खोल चिरा द्या, दही, आलं-लसूण, तिखट, हळद, मीठ चोळून फ्रिजमध्ये चार-पाच तास मुरवा. बोकडाचं मटण चिवट असतं. किलोला एक मोठा चमचा कच्च्या पपईचा वाटलेला गर पुरतो, तोही तास-दोन तासच. रात्रभर ठेवलंत तर मटणाचा लगदा होतो. थेट निखाऱ्यावर भाजायला चापा (बरगडीचे तुकडे) किंवा खिमा घ्या. मांडीचे मोठे तुकडे रश्श्यातच बरे. भाजताना वरून लावायचा मसाला आधीच वेगळा काढून ठेवा. कच्चं मांस बुडलेला मसाला शिजलेल्यावर फासायचा नाही.

सरपणाला लोणारी कोळसा. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बांधावर द्राक्षाच्या काड्यांचे ढीग पडलेले असतात आणि दरवर्षी कोणीतरी म्हणतंच, "फुकटचं सरपण आहे की!" मी त्या वापरत नाही. भुरी-केवडा या द्राक्षावरच्या रोगांसाठी वर्षभर बागेवर फवारे झालेले असतात, बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) असतं. तो धूर आपल्या जेवणाला कशाला? रॉकेलही नको, त्याचा वास तोंडात राहतो. सुक्या करवंट्यांवर कोळसा रचून पेटवा. जागा मोकळी, झाडलेली हवी. कांदाचाळीपासून, पाचटाच्या गंजीपासून लांब, आणि वारा कुठून येतोय ते बघून. पाण्याची बादली जवळ ठेवा. पाऊस आला म्हणून शेगडी खोलीत किंवा बंद पडवीत मात्र आणायची नाही: कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो.

वीस-पंचवीस मिनिटांनी कोळशावर राखाडी थर चढतो. तोवर मांस लावायचं नाही. मग चिमट्याने सगळे निखारे एका बाजूला ओढा, दुसरी बाजू रिकामी ठेवा. जाळीच्या वर वीतभर उंचीवर तळहात धरा. दोन-तीन सेकंदांत मागे घ्यावा लागला तर आच कडक, पाच-सहा सेकंद टिकला तर मध्यम. तंगडी आधी निखाऱ्यावर दोन्हीकडून रंग येईपर्यंत, मग रिकाम्या बाजूला सरकवून वर पातेलं पालथं घाला. चांगली जाड असेल तर अर्धा-पाऊण तास लागतो. चरबी ठिबकून भडका उडाला तर पाणी मारू नका, राख उडून मांसावर बसते. तुकडा रिकाम्या बाजूला घ्या, भडका आपोआप बसतो. बोनलेस तुकडे बारा-पंधरा मिनिटांत होतात. त्यांना चपट्या सळया वापरा. गोल सळईवर तुकडा गरगर फिरतो आणि एकच बाजू भाजते. बांबूच्या काड्या असतील तर अर्धा तास पाण्यात भिजवा.

झालं की नाही, हे रंगावरून ठरवू नका. टोचायचा थर्मामीटर घ्या आणि हाडाला न टेकवता सर्वांत जाड भागात खुपसा. चिकन 74 अंश, खिमा 71 अंश. चाप 63 अंशांवर उतरवून तीन मिनिटं तशीच ठेवली तरी चालते. खिम्याला जास्त आच लागते, कारण दळताना बाहेरचे जंतू आतपर्यंत मिसळतात. उतरवायला ताट दुसरं, चिमटाही दुसरा किंवा धुतलेला. इथेच सगळे चुकतात, कारण तोवर अंधार पडलेला असतो आणि हाताशी एकच ताट असतं.

जेवणं झाली की निखाऱ्यांवर थोडं थोडं पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. चुरचुर थांबली तरी राख लगेच उकिरड्यावर टाकू नका. ती रात्रभर शेगडीतच राहू द्या आणि सकाळी हात घालण्याआधी काडीने उकरून बघा.